प्राणी ओळखीचा, मजकूर अनोळखी : इंग्रजी वाचन-श्रवण प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून

विषय ठरला : जंगली प्राणी. वर्ग सातवीचा, भाषा इंग्रजी, कौशल्यं दोनच, वाचन आणि श्रवण. बोलणं-लिहिणं ओघात येईल तेवढं येऊ दे, त्याची नोंद ठेवणार नाही. चारही कौशल्यांचा पसारा एकदम मांडला की एकाचंही धड होत नाही.

प्राणीच का, असं विचारलं गेलं. प्राण्यांबद्दल मुलांना आधीच बरंच काही माहीत असतं आणि त्यातलं बरंच चुकीचं असतं. भाषेच्या शिक्षकाला याहून सोयीचा विषय शोधून सापडणार नाही. माहीत असतं म्हणून मूल मजकुरात शिरायला कचरत नाही. चुकीचं असतं म्हणून त्याला मजकूर खरोखर वाचावा लागतो. उंट वशिंडात पाणी साठवतो, शहामृग वाळूत डोकं खुपसतं, वटवाघळाला दिसत नाही, साळिंदर काटे फेकून मारतं : हे सगळं मुलं छातीठोकपणे सांगतात, आणि यातलं एकही खरं नाही. वशिंडात चरबी असते, वटवाघळांना दिसतं, साळिंदराचे काटे टोचून निसटतात पण फेकले जात नाहीत.

मजकूर तयार आणायचे नाहीत, आपणच लिहायचे. लांबी दीडशे-दोनशे शब्द. भाषाशिक्षणात पॉल नेशन यांच्या कामातून रूढ झालेला एक ठोकताळा आहे : मदतीशिवाय नीट समजायचं तर मजकुरातले सुमारे ९८% शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे शंभर शब्दांत दोनच नवे. प्राण्यांच्या तयार पुस्तकांत हे गणित हमखास कोलमडतं, कारण तिथे प्रत्येक ओळीत एखादं 'कार्निव्होरस' नाहीतर 'हॅबिटॅट' बसलेलं असतं.

२२ जून

मजकूर लिहिण्याआधी प्रश्न तपासले. बाजारात मिळणाऱ्या कार्यपत्रिकांतले प्राण्यांवरचे प्रश्न घेतले, उतारे काढून टाकले आणि नुसते प्रश्न मुलांना दिले. पोलर बेअर कुठे राहतो? सर्वांत उंच प्राणी कोणता? वाघाच्या अंगावर काय असतं? जवळपास सगळ्यांची जवळपास सगळी उत्तरं बरोबर. उतारा न वाचता! म्हणजे या कार्यपत्रिका इंग्रजी वाचन तपासतच नव्हत्या, सामान्यज्ञान तपासत होत्या. वर मूल हुशार असेल तर त्याला शिकवतही होत्या की उतारा वाचायची गरज नाही.

याच्या उलट बाजूलाही एक खड्डा आहे. फळ्यावर लिहिलं : 'द ग्लॉर्प्स स्लेप्ट अंडर अ मोफी टिब.' खाली प्रश्न : 'व्हेअर डिड द ग्लॉर्प्स स्लीप?' वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, 'अंडर अ मोफी टिब.'

"बाई, पण टिब म्हणजे काय?"

"मला तरी कुठे माहीत आहे?"

हशा झाला, मुद्दा मात्र मागच्या बाकापर्यंत पोहोचला. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या पुढचं उचलायचं, झालं उत्तर. अर्थ कळलाच पाहिजे असं काही नाही. बऱ्याच मुलांचं 'वाचन' आजवर याच रीतीने पार पडलेलं आहे, आणि त्यांना गुणही चांगले मिळालेले आहेत.

तेव्हा पुढचे सगळे प्रश्न दोन चाळण्यांतून जातील. उतारा झाकून उत्तर देता आलं तर प्रश्न बाद. उताऱ्यातली ओळ न समजता जशीच्या तशी उचलून उत्तर झालं तरी बाद. दोन्ही चाळण्या लावल्यावर हातात फार थोडे प्रश्न उरतात. एका उताऱ्याला चार चांगले प्रश्न मिळाले तरी पुष्कळ.

२९ जून

पहिला वाचनाचा मजकूर : ठिपकेवाला तरस. निवड मुद्दाम. तरस म्हणजे दुसऱ्याचं उष्टं खाणारा, भेकड, कुत्र्यासारखा प्राणी, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. भारतात आढळतो तो पट्टेवाला तरस, आणि तो मुख्यतः मेलेल्या जनावरांवरच जगतो, त्यामुळे हा समज अगदी हवेतला नाही. पण आफ्रिकेतला ठिपकेवाला तरस स्वतः शिकार करतो. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात टांझानियातल्या सेरेंगेटी आणि ङ्गोरोङ्गोरोमध्ये रात्र-रात्र जागून त्यांच्या नोंदी घेतल्या. ङ्गोरोङ्गोरोत तरस शिकार करत आणि त्यांचा गलका ऐकून आलेले सिंह ती हिसकावत, असं त्यात वारंवार दिसलं. शिवाय तरस कुत्र्यांपेक्षा मांजर आणि मुंगुसाच्या कुळाला जवळचा. कळपात मादी नराहून मोठी आणि वरचढ.

पद्धत : वाचण्याआधी सहा विधानं. प्रत्येकापुढे तीन रकाने, 'मला वाटतं', 'मजकूर म्हणतो' आणि 'ओळ क्रमांक'. पहिला रकाना वाचनाआधी शाईपेनने भरायचा, म्हणजे नंतर खोडता येणार नाही. खरं वजन तिसऱ्या रकान्याला. ओळ दाखवता आली नाही तर उत्तर धरायचं नाही, बरोबर असलं तरी.

दारापाशी बसणाऱ्या मुलाच्या शेजारी थोडा वेळ बसले. मजकुरात होतं : 'इन द मॉर्निंग, द लायन्स वेअर ईटिंग अँड द हायनाज वेअर वेटिंग.' त्याचं बोट तिथेच थांबलं आणि त्याने लिहून टाकलं, शिकार सिंहाची. शेजारचा म्हणाला, "अरे, खालची वाच की." खाली होतं : 'बट द हायनाज हॅड मेड द किल इन द नाइट.' त्याने ती वाचली. बोट पुन्हा वरच्या ओळीवर गेलं, पुन्हा खाली आलं. ओठ हलत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "म्हणजे हे आधी झालं, आणि ते नंतर." 'हॅड मेड' या रूपाचा तक्ता वर्गात अजून शिकवलेला नाही. शिकवायची वेळ येईल तेव्हा त्याच्यासाठी निम्मं काम झालेलं असेल.

सर्वनामांवर मात्र बहुतेक अडखळले. 'लायन्स ऑफन टेक इट फ्रॉम देम' यातला 'इट' कोण, 'देम' कोण? बाण काढायला लावले. काहींचा बाण 'देम'पासून निघून 'लायन्स'वर गेला, कारण तोच अनेकवचनी शब्द सर्वांत जवळ होता. इथून पुढे प्रत्येक मजकुरात निदान दोन सर्वनामांचे बाण.

५ जुलै

श्रवणाचा पहिला तास. कागद नाही, पेन नाही, बाकं भिंतीला लावलेली.

मजकूर वर्व्हेट माकडांवर. रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी केनियातल्या अंबोसेलीमध्ये या माकडांना त्यांचेच आवाज रेकॉर्ड करून परत ऐकवले. ते काम १९८० साली प्रसिद्ध झालं. बिबट्या दिसला तर एक हाक, गरुडाला दुसरी, सापाला तिसरी. बिबट्याची हाक ऐकली की माकडं झाडावर पळतात. गरुडाची ऐकली की वर बघतात, झुडपात शिरतात. सापाची ऐकली की मागच्या दोन पायांवर उभी राहून आजूबाजूच्या गवतात बघतात. गंमत अशी की ध्वनिक्षेपकातून नुसती हाक आली, समोर कुणीही नसलं, तरी माकडं तेच करत.

ऐकून नेमकं वागणं म्हणजे श्रवण, याचा इतका स्वच्छ नमुना भाषेच्या पुस्तकांत सापडणार नाही. मुलांनाच माकडं केलं.

पहिल्या फेरीत मजकूर एकदा पूर्ण वाचून दाखवला, प्रश्न एकच : किती शत्रू? दुसऱ्या फेरीत प्रत्येक हाकेचं वाक्य ऐकून कृती. इथपर्यंत सगळे पास, कारण 'लेपर्ड', 'ईगल', 'स्नेक' हे शब्द कानावर पडले की बाकीचं ऐकायची गरजच उरत नाही. माहितीने पुन्हा भाषेला बाजूला सारलं. तिसऱ्या फेरीत म्हणून प्राण्यांची नावं काढून टाकली आणि फक्त हालचाल ठेवली : 'दे रन अप इन्टू द ट्रीज.' 'दे लुक अप अँड रन इन्टू द बुशेस.' 'दे स्टँड अप अँड लुक डाउन.' तिन्हींत 'अप' आहे. आता पुढच्या-मागच्या शब्दांनाच धरावं लागतं. अर्धा वर्ग झाडावर, अर्धा झुडपात, आणि एक जण सगळीकडे बघत मधोमध उभा.

गोंधळ बराच झाला. दुसऱ्या वर्गातून निरोपही आला. पण 'रन अप' आणि 'लुक अप' यांतला फरक पायांनी केलेला आहे, तो टिकेल.

चौथ्या फेरीत नवं वाक्य घातलं : 'यंग मंकीज मेक मिस्टेक्स. दे समटाइम्स गिव्ह द ईगल कॉल फॉर अ फॉलिंग लीफ.' लहान पिल्लं कधी निरुपद्रवी पक्ष्याला, कधी गळणाऱ्या पानालाही गरुड समजतात, हे निरीक्षण खरंच नोंदलेलं आहे. कुणाला समजलं ते विचारावं लागलं नाही. ज्यांना समजलं ते हसले, बाकीचे त्यांच्याकडे बघत राहिले. विनोद हा श्रवणाचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे, नक्कल करून हसलं तरी वेळ चुकते.

८ जुलै

आवाजाबद्दल.

माझ्या आवाजातलं इंग्रजी वर्गाला समजतं. शेजारच्या वर्गाच्या सरांनी तोच मजकूर रेकॉर्ड करून दिला, तो निम्माच समजला. मुलांना इंग्रजी कळतं त्यापेक्षा बाईंचं इंग्रजी जास्त कळतं. पुढचे सगळे श्रवणाचे मजकूर निदान दोन आवाजांत.

वेगाचं असं ठरवलं : शब्द ताणायचे नाहीत, विराम वाढवायचे. 'द... ची...ता... रन्स...' असं सुटं सुटं बोललं तर ती वेगळीच भाषा होते. बाहेर कुणी तसं बोलत नाही. त्याऐवजी 'द चीता डझन्ट रोर' हे नेहमीच्या वेगात, मग दोन सेकंद गप्प. कानाला त्या शांततेत काम करू द्यायचं. (चित्ता डरकाळी फोडत नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. तो मांजरासारखा गुरगुरतो आणि पक्ष्यासारखा चिवचिवतो. आवाज ऐकवला तर वर्गाने पक्ष्यांची नावं सांगितली.)

प्राण्यांचे खरे आवाज कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररीच्या संग्रहात मिळतात. या संग्रहाची सुरुवात १९२९ मधल्या पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणांपासून झाली. तासाच्या आधी एक आवाज लावून ठेवायचा, नाव सांगायचं नाही. वर्ग आपोआप शांत होतो, दटावावं लागत नाही.

१४ जुलै

आकडे ऐकणं. आतापर्यंतचा सर्वांत चांगला तास. रचना लिहून ठेवते.

इंग्रजीतले 'फोर्टीन-फॉर्टी', 'सेव्हन्टीन-सेव्हन्टी' हे जोड कानाला फसवतात. 'टीन'वर जोर असतो असं पुस्तकं शिकवतात आणि सुटा आकडा उच्चारला तर ते खरंही आहे. पण पुढे नाम आलं, 'फोर्टीन वुल्व्ज', की जोर सरकून पहिल्या भागावर जातो आणि 'फॉर्टी वुल्व्ज'शी जवळजवळ जुळतो. उरतो तो शेवटचा 'न' आणि त्याआधीचा लांब 'ई'. इतक्या बारीक धाग्यावर आकडा टांगलेला असतो.

मजकुरासाठी यलोस्टोनचे लांडगे निवडले, कारण त्यांचे खरे आकडेच या कामासाठी घडवल्यासारखे आहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ पर्यंत मारले गेले. १९९५ मध्ये कॅनडातून १४ लांडगे आणले, १९९६ मध्ये आणखी १७. एकूण ३१. मधली जवळपास ७० वर्षं तिथे लांडग्यांचा कळप नव्हता. एकाच परिच्छेदात 'फोर्टीन', 'सेव्हन्टीन' आणि 'निअरली सेव्हन्टी' तिन्ही!

पहिल्यांदा ऐकताना मुलांनी फक्त आकडे लिहिले. वह्या पाहिल्या : ४० आणि ७०, १४ आणि ७०, ४० आणि १७, सगळ्या जोड्या हजर. काहीच बोलले नाही. दुसऱ्या ऐकण्यात शेवटचं वाक्य जोडलं : 'दॅट मेड थर्टी-वन वुल्व्ज इन ऑल.' पुन्हा गप्प राहिले.

खिडकीजवळच्या मुलीने आधी भुवया उंचावल्या. मग वहीत बेरीज मांडली. चाळीस अधिक सत्तर, एकशे दहा. "बाई, बेरीज जुळत नाही." लगेच दुसरीकडून, "चौदा आणि सतरा घे, जुळते." वर्गात एकदम कुजबुज, आणि मग स्वतःहून मागणी आली की परत एकदा लावा. त्या तिसऱ्या ऐकण्यात मुलं जशी कान देऊन बसली होती तशी एरवी सांगून बसत नाहीत. आता त्यांना काय ऐकायचं ते माहीत होतं : 'टीन'चा शेवटचा 'न'.

शिक्षकाने 'चूक' म्हणणं आणि मजकुरानेच 'चूक' म्हणणं यांत फार अंतर आहे. आकड्यांच्या प्रत्येक श्रवण-मजकुरात आता ताळा लावायची जागा ठेवणार. बेरीज, वर्षांमधलं अंतर, दुप्पट-निम्मं, काहीही चालेल.

सत्तर वर्षांचा आकडाही एका गटाने १९९५ वजा १९२६ करून पडताळला. एकोणसत्तर आले. "मग सत्तर का म्हणतात?" 'निअरली' हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता, पण तोवर कुणीच लिहिला नव्हता.

२१ जुलै

जिगसॉ वाचन : मजकुराचे तुकडे गटात वाटायचे, प्रत्येकाने आपला तुकडा वाचून बाकीच्यांना सांगायचा. ही पद्धत एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत वेगळ्याच कारणासाठी सुरू केली : वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्याने एका वर्गात आली होती आणि त्यांना एकमेकांची गरज वाटावी असा हेतू होता. भाषेच्या तासाला ती आयतीच कामी येते.

पाणघोड्याचे चार तुकडे. एकात त्वचा : अंगातून तांबूस द्रव पाझरतो, तो रक्त नाही, घामही नाही, उन्हापासून जपणारा लेप आहे. दुसऱ्यात पाणी : तो नीट पोहत नाही, तळावरून चालतो आणि दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर येतो. तिसऱ्यात खाणं : रात्री जमिनीवर येऊन गवत चरतो. चौथ्यात नातं : आजच्या प्राण्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातलग देवमासे. शेवटचा प्रश्न असा की एकाच तुकड्यावरून उत्तर नाही : दिवसभर पाण्यात का बसतो आणि तरी पोट कसं भरतं?

आधी मुलं आपापला कागद खड्या आवाजात वाचून दाखवू लागली. ऐकणारे ऐकत नव्हते, आपली पाळी मोजत होते. कागद गोळा करून घेतले आणि आता सांगा म्हटलं. इंग्रजी तुटक झालं, 'हिप्पो नॉट स्विम, वॉक, डाउन', पण ऐकणारे पुढे सरकले, 'व्हेअर वॉक?' असं विचारू लागले. हे तुटकं इंग्रजी मला त्या घोटीव वाचनापेक्षा कितीतरी पटीने हवं आहे.

३ ऑगस्ट

डिक्टोग्लॉस. छोटा मजकूर नेहमीच्या वेगात दोनदा ऐकायचा, तुटक शब्द टिपायचे आणि गटाने तो पुन्हा उभा करायचा. शब्दशः नाही, अर्थाने आणि शुद्ध वाक्यांत. श्रुतलेखनाशी गल्लत करू नये. तिथे कान आणि हात एवढंच काम करतात.

गोष्ट केटी पेन यांची. आधी देवमाशांच्या गाण्यांचा अभ्यास केलेल्या या संशोधक १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ बसल्या होत्या. हवेत काहीतरी थरथरतंय असं त्यांना जाणवलं. कानाला काही नाही, अंगाला मात्र जाणवतंय. लहानपणी गायकवृंदात गाताना चर्चच्या मोठ्या ऑर्गनजवळ असंच वाटायचं, हे त्यांना नंतर आठवलं. पुढे ध्वनिमुद्रणातून दिसलं की हत्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजात बोलतात. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्‌झ. हत्तींच्या हाकांतला बराच भाग त्याच्या आसपास किंवा खाली.

पाच वाक्यांच्या मजकुरात मधलं वाक्य होतं : 'शी हर्ड नथिंग, बट शी फेल्ट द एअर शेक.' बहुतेक गटांनी लिहिलं, तिने हत्तींचा आवाज ऐकला. टिपणांत 'नथिंग' होतं, 'फेल्ट'ही होतं. लिहिताना मात्र ते गळून पडले, कारण हत्तीच्या गोष्टीत हत्तीचा आवाज ऐकू येणार हे डोक्यात आधीच ठरलेलं. आपल्याला हवं ते ऐकायची सवय किती पक्की असते ते इथे उघडं पडलं. तोडगा एकच : टिपणांतला प्रत्येक शब्द अंतिम मजकुरात कुठे गेला ते रेघेने जोडा. 'नथिंग' लोंबकळत राहिला तेव्हा एका गटात वाद पेटला.

"अगं, काहीच ऐकू आलं नाही तर मग ती थांबली कशाला?"

"म्हणून तर गोष्ट आहे ना!"

नंतर वेग वाढवून कानाच्या टप्प्यात आणलेला हत्तींचा आवाज ऐकवला. गुरगुर, मग शांतता, मग दुरून दुसरी.

९ ऑगस्ट

व्हिडिओ बंद. लोकांनी सुचवलेल्या सगळ्या ध्वनिचित्रफिती पाहिल्या. प्राणी सुंदर, निवेदन उत्तम, श्रवणासाठी निरुपयोगी. चित्र सगळं सांगून टाकतं. चित्ता धावताना दिसतोय, मग निवेदक काय म्हणतो ते कोण ऐकणार? वापरायच्याच तर पडदा झाकून आधी आवाज, मग अंदाज, मग चित्र.

निळ्या देवमाशाचे तयार उतारे बाद केले. लांबी, वजन, हृदय, जीभ, रोजचं खाणं, आकड्यांमागून आकडे. वाचून झाल्यावर 'केवढा मोठा!' याखेरीज मुलांच्या हाती काही लागत नाही.

१९ ऑगस्ट

ज्यांना अजून अक्षर-अक्षर जुळवत वाचावं लागतं त्या मुलांचा प्रश्न मागे पडत होता. वाक्याच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यांची सुरुवात हातून सुटलेली असते. अर्थ लागणार कुठून? एस. जे सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये मांडलेली पुनर्वाचनाची रीत त्यांच्यासाठी लावली : तोच छोटा उतारा अडखळणं कमी होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचा. जोडीला सरांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, ओळीखाली बोट फिरवत ऐकायचं. उतारा खवले मांजराचा. जगात आठ जाती, चार आशियात, चार आफ्रिकेत. तोंडात दात नाहीत. अंगावरचे खवले आपल्या नखांसारख्याच केराटिनचे. भीती वाटली की चेंडूसारखं गुंडाळून घेतं. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानुसार आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं.

पुन्हा पुन्हा वाचायला कंटाळा येईल असं वाटलं होतं. प्रत्येक वाचनाला वेगळा प्रश्न दिला तेव्हा तक्रार आली नाही. पहिल्यांदा : खातं काय? मग : दात नाहीत तर चावतं कसं? मग : गुंडाळून घेणं वाघापुढे चालतं, माणसापुढे का चालत नाही? शेवटचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाही, दोन ओळी जोडून काढावं लागतं. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने ते काढलं : "माणूस उचलूनच नेतो की."

२७ ऑगस्ट

चाचणी. कुणालाच माहीत नसलेला प्राणी हवा होता : आय-आय. फक्त मादागास्करमध्ये राहणारा, निशाचर, लेमूरच्या कुळातला. बारीक लांबलचक मधल्या बोटाने लाकडावर टकटक करतो, कान देऊन आतल्या अळीची पोकळी हेरतो, दाताने भोक पाडतो आणि त्याच बोटाने अळी बाहेर ओढतो. सतत वाढणाऱ्या दातांमुळे आधी त्याला खारीसारख्या कृंतक प्राण्यांत घातलं होतं. उतारा झाकून प्रश्न तपासले, एकाचंही उत्तर आधीपासून कुणाला येत नव्हतं.

वाचनात फरक दिसतोय. ओळ क्रमांक न मागता लिहिले जातात. कारण विचारणाऱ्या प्रश्नांवर जूनमध्ये कोऱ्या जागा असायच्या, आता निदान एक वाक्य असतं. सर्वनामांचे बाण बहुतेकांचे योग्य जागी जातात.

श्रवणात आकडे सुधारले. जोडून बोललेलं इंग्रजी अजून निसटतं : 'पुल्स इट आउट' हे सरांच्या आवाजात 'पुल्झिटाउट' झालं आणि वर्ग थांबला. 'कॅन' आणि 'कान्ट' यांचंही तेच, वाक्यात 'कॅन' इतका हलका होतो की मुलांना तो ऐकूच येत नाही आणि जो ठळक ऐकू येतो तो नकार असतो. यासाठी वेगळा सराव लागेल, तीन-चार शब्दांचे तुकडे आणि तेवढेच ऐकायचे.

पुढच्या टप्प्याचे मजकूर लिहायला घेतले आहेत. जिराफ ठरला : मानेत माणसाइतकेच सात मणके, आणि रात्री गुणगुणल्यासारखा खोल आवाज, जो व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये नोंदवला. वाचनाचा भाग तयार आहे. श्रवणाचा अजून लांब वाटतोय, संशोधकांबद्दलची दोन वाक्यं काढून सरांकडे रेकॉर्डिंगला द्यायचा. 'कॅन-कान्ट'ची वाक्यं त्यातच बसवता येतात का ते उद्या बघते.